रेडवुड क्रीक पायवाट

रेडवुड क्रीक पायवाट हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील म्युअर वुड्स राष्ट्रीय स्मारकामधील ओढ्याकाठचा पदभ्रमण मार्ग आहे. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मरिन काउंटीत असलेल्या या वनात किनारी रेडवुड (शास्त्रीय नाव: सेक्वोया सेम्परव्हिरेन्स) वृक्षांचे प्राचीन जंगल टिकून आहे.

मार्ग

रेडवुड क्रीक हा ओढा टॅमलपाइस पर्वतावरून वाहत येऊन म्युअर बीच येथे प्रशांत महासागरास मिळतो. पायवाट ओढ्याच्या काठाने जाते. दुसऱ्या पुलावरून परतल्यास फेरी सुमारे ०.८ किमी, तर तिसऱ्यावरून परतल्यास १.६ किमी होते. चौथ्या पुलापर्यंत जाऊन डोंगरउतारावरील वाटेने परतल्यास ती ३.२ किमी भरते. रेडवुडची मुळे जमिनीत फार खोल जात नाहीत. पावलांनी माती दबून त्यांना इजा होऊ नये, यासाठी मार्गाचा बराच भाग लाकडी फळ्यांचा केला आहे.

निसर्ग

येथील बहुतेक प्रौढ रेडवुड ५०० ते ८०० वर्षांचे असून सर्वांत उंच वृक्ष सुमारे ७८ मीटरचा आहे. कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे धुके पानांवर साठून थेंबाथेंबाने खाली पडते व जमिनीला ओलावा मिळतो. कोहो सामन आणि स्टीलहेड ट्राउट हे मासे हिवाळ्यात समुद्रातून ओढ्यात येऊन अंडी घालतात.

इतिहास

विल्यम केंट यांनी हे वन १९०५मध्ये विकत घेतले. १९०७मध्ये एका पाणीपुरवठा कंपनीने ओढ्यावर धरण बांधण्यासाठी जमीन संपादित करण्याचा प्रयत्न केला. धरण झाले असते, तर वन पाण्याखाली गेले असते. ते टाळण्यासाठी केंट यांनी २९५ एकर जमीन संघीय सरकारला दान केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ जानेवारी १९०८ रोजी तेथे राष्ट्रीय स्मारक घोषित केले. केंट यांच्या आग्रहावरून त्यास निसर्गलेखक जॉन म्युअर यांचे नाव देण्यात आले.

ओढ्याचे पुनरुज्जीवन

काठांची धूप थांबवण्यासाठी १९३०च्या दशकात ओढ्याला दगडी पिचिंग करण्यात आले. त्यामुळे प्रवाह एका सरळ पात्रात बांधला गेला आणि माशांच्या पिलांना पुराच्या वेळी आसरा देणारे संथ डोह कमी झाले. संरक्षणासाठी केलेले हे काम मत्स्यजीवनास बाधक ठरल्याने २०१९पासून काही भागांतील दगड काढण्यात आले व पात्रात लाकडाचे ओंडके ठेवण्यात आले.