भुयारातल्या पाहुण्या गाड्या

वीसेक वर्षांपूर्वी फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना लंडनच्या रेल्वेवरचे एक फाटके पुस्तक हाती लागले. त्यातल्या एका छायाचित्रापाशी मी थबकलो. स्टेशन भुयारी रेल्वेचे, रुळांशेजारी विजेचा प्रवाह वाहणारा जादा रूळ. आणि त्याच मार्गावरून वाफेचे इंजिन मालडब्यांची रांग ओढत चाललेले. खाली लिहिले होते, मांसाची गाडी. विजेच्या मार्गावर वाफेचे इंजिन कशाला आणि प्रवाशांच्या रेल्वेवर मांस कशाला, हे दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागले.

मी शिक्षणाने इतिहासकार नाही. हिशेबाच्या नोकरीसाठी तीस वर्षे डोंबिवली ते व्हीटी लोकलने ये-जा केली, एवढीच रेल्वेशी माझी नाळ. लंडनच्या भुयारातल्या अशा वेगळ्या गाड्यांची टिपणे मी आधी निव्वळ गंमत म्हणून काढत होतो. वही भरत आली तेव्हा लक्षात आले, की मी ज्यांना अपवाद समजत होतो, त्या गाड्याच मुळातल्या रेल्वेच्या जास्त जवळच्या होत्या.

जगातली पहिली भुयारी रेल्वे, मेट्रोपॉलिटन, १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये प्रवाशांसाठी खुली झाली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन असा तिचा मार्ग. रस्ता खणायचा, चर तयार करायचा, त्यावर विटांची कमान घालायची आणि वर पुन्हा रस्ता करायचा, अशी बांधणीची रीत होती. त्यामुळे बोगदा उथळ असला तरी ऐसपैस होता. बाहेरच्या रेल्वेचे पूर्ण आकाराचे डबे त्यातून जाऊ शकत. ते जावेत हाच हेतू होता. लंडनची मोठी स्टेशने शहराच्या कडेला थांबली होती. त्यांना शहराच्या पोटाशी जोडणारा दुवा म्हणजे ही रेल्वे.

रूळही त्याच हिशेबाने टाकले होते. ग्रेट वेस्टर्न कंपनीचे रूळ सात फूट अंतराचे, इतरांचे चार फूट साडेआठ इंचांचे. दोन्ही प्रकारच्या गाड्या चालाव्यात म्हणून प्रत्येक मार्गावर तीन रूळ होते. हा तिसरा रूळ लवकरच कामी आला. सुरुवातीला गाड्या ग्रेट वेस्टर्नच चालवत असे. तिचे मेट्रोपॉलिटनशी भांडण झाले आणि ऑगस्ट १८६३मध्ये तिने आपली इंजिने व डबे काढून घेतले. तेव्हा ग्रेट नॉर्दर्न कंपनीकडून अरुंद रुळांवरची इंजिने आणि डबे घेऊन सेवा चालू ठेवावी लागली. स्वतःची इंजिने हाती येईपर्यंत जगातली पहिली भुयारी रेल्वे उसनवारीवर चालली!

या रेल्वेसाठी आयुष्यभर धडपडला तो चार्ल्स पिअर्सन, लंडन सिटीचा कायदा अधिकारी. गलिच्छ वस्त्यांत कोंबलेल्या कामगारांना शहराबाहेर मोकळ्या हवेत राहता यावे आणि रेल्वेने स्वस्तात कामावर येता यावे, असा त्याचा ध्यास होता. रेल्वे सुरू होण्याच्या चार महिने आधी, सप्टेंबर १८६२मध्ये तो वारला. मात्र १८६४मध्ये मेट्रोपॉलिटनने पहाटे साडेपाचच्या सुमारास खास कामगारांसाठी गाड्या सोडल्या. जाऊन-येऊन भाडे तीन पेन्स. माझ्या वहीतली ही पहिली नोंद.

पुढच्या नोंदी पाहिल्या की पाहुण्यांची ये-जा केवढी होती ते कळते. १८६८पर्यंत किंग्ज क्रॉसच्या बाजूने जादा रुळांची जोडी टाकून झाली. तिच्यावरून उत्तरेकडच्या गाड्या स्नो हिल बोगद्यातून थेम्सपलीकडे जाऊ लागल्या. १८८३ ते १८८५ या काळात डिस्ट्रिक्ट रेल्वेच्या गाड्या थेट विंडसरला जात. मे १८९८मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची शवपेटी वेल्सहून निघाली ती मध्यरात्रीनंतर डिस्ट्रिक्टच्या वेस्टमिन्स्टर स्टेशनात उतरवली गेली. १९१०पासून ईलिंगहून सुटणारी गाडी लंडनच्या खालून थेट साउथएंडच्या समुद्रकिनारी जाई. बार्किंगपर्यंत तिला विजेचे इंजिन ओढी, तिथे ते काढून वाफेचे जोडत. त्याच वर्षी मेट्रोपॉलिटनने ‘मेफ्लॉवर’ आणि ‘गॅलेटिया’ हे दोन पुलमन डबे आणले. प्रत्येकात १९ आसने. सकाळी कचेरीला जाताना न्याहारी, रात्री नाटक पाहून परतताना जेवण. पिअर्सनचा कामगार आणि पुलमनमधला साहेब एकाच रेल्वेचे प्रवासी होते, वेळा तेवढ्या वेगळ्या.

आता त्या मांसाच्या गाडीकडे येतो. स्मिथफील्डचा मांसबाजार १८६८मध्ये उघडला आणि पुढच्या वर्षी त्याच्या बरोबर खाली ग्रेट वेस्टर्नचा मालधक्का सुरू झाला. पॅडिंग्टनहून येणारे मांसाचे डबे मेट्रोपॉलिटनच्या रुळांवरून या तळघरात येत आणि माल उद्‌वाहकाने वर बाजारात जाई. १९०५मध्ये प्रवासी गाड्या विजेवर गेल्या. मांसाची गाडी वाफेवरच राहिली. तिच्या इंजिनांना एक खास जोडणी असे. वापरलेली वाफ धुराड्यातून न सोडता नळ्यांनी पाण्याच्या टाक्यांत नेऊन तिथे तिचे पाणी करायचे. धूर उरायचाच, वाफ तेवढी आवरली जाई. विजेच्या गाड्यांच्या मधली फट शोधत ही गाडी १९६२पर्यंत धावत राहिली. माझ्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हे. मांसाची गाडी भुयारात आगंतुक नव्हती, तिथली जुनी बिऱ्हाडकरू होती.

मग पाहुणे येईनासे का झाले? उत्तर बोगद्याच्या मापात आहे. १८९०पासून लंडनमध्ये खोल, नळीसारखे बोगदे खणले जाऊ लागले. त्यांचा व्यास जेमतेम १० ते १२ फूट. खर्च वाचला, वरचे रस्ते न उखडता काम झाले; पण बाहेरचा डबा आत शिरणे अशक्य झाले. एका कंपनीने मात्र मन मोठे केले. १९०४मध्ये उघडलेल्या फिन्सबरी पार्क ते मूरगेट मार्गाचे बोगदे मुद्दाम १६ फुटांचे केले, बाहेरच्या गाड्या याव्यात म्हणून. त्या आल्या नाहीत. सत्तर वर्षे त्या मोठ्या बोगद्यातून बाहेरच्या गाड्या धावल्याच नाहीत आणि १९७६मध्ये त्या अखेर आत आल्या. साउथएंडची गाडी आणि पुलमन डबे १९३९मध्ये, युद्ध सुरू होताच बंद पडले, ते कायमचेच. स्नो हिलच्या बोगद्यातून मात्र १९८८पासून पुन्हा प्रवासी गाड्या जातात. जागा मोठी ठेवली होती म्हणूनच हे जमले.

आता मुंबईच्या पोटातूनही मेट्रो धावते. मीही हौसेने जाऊन बसलो. गारवा, स्वच्छता, सगळे मनापासून आवडले. उतरताना सवयीने मालडबा शोधला. लोकलच्या मालडब्यात तीस वर्षे मी डबेवाल्यांचे लांबट खोके, कोळणींच्या पाट्या, भाजीची गाठोडी पाहत आलो. घाईच्या वेळी त्या डब्याच्या वासाला मी नाकही मुरडले आहे. भुयारातल्या गाडीला तो डबाच नाही. भुयार एकदा खणले की ते रुंद करणे सोपे नसते. म्हणून आत कोणाला जागा, हा प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारावा लागतो. पिअर्सनने तो विचारला होता. पहाटे साडेपाचची गाडी त्यामुळेच सुटली.