दरबारातला विठू

दामाजीपंतांच्या आख्यानात सगळ्यात अवघड सोंग विठूचं. बादशहाला भरजरी अंगरखा असतो, पंतांना शेल्या-पागोट्याचा आधार असतो. विठूकडे फक्त घोंगडी, काठी आणि गळ्यात काळा दोरा. एवढ्यावर त्याला देव असायचं असतं, आणि दिसायचं मात्र नसतं.

भालकी तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाच्या दिवसांत सोंगी भजनाची तालीम पाहायला बसलो होतो. यामागं एक कारण होतं. माझा भाचा मित्रांसोबत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. त्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट बोलत बोलत पुढं न्यायची. खेळ चालवणारा एखाद्याच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी देतो: तुझ्या पात्राकडे ही गुप्त शक्ती आहे, कुणाला कळू देऊ नकोस. भाच्याची तक्रार अशी, की चिठ्ठी मिळालेला गडी पहिल्या तासातच ती शक्ती दाखवून मोकळा होतो आणि पुढं खेळात राम राहत नाही. मला वाटलं, याचं उत्तर बेदरच्या मुलखातच मिळेल. कारण दामाजीच्या कथेतला दरबार बेदरचा आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकातला दुष्काळ, मंगळवेढ्याची सरकारी कोठारं पंतांनी भुकेल्यांना मोकळी केली, बहामनी बादशहानं पंतांना पकडून आणायला शिपाई धाडले. पंत वाटेवर असतानाच कुणी विठू महार दरबारात येतो, धान्याची किंमत मोजून देतो आणि पावती घेऊन जातो. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे. कथा माहीत असलेल्या माणसांसमोरच ती रात्रभर रंगवायची असते. म्हणजे विठू हाच विठ्ठल, हे गुपित समोर बसलेल्या सगळ्या गावाला माहीत, दरबारात कुणालाच नाही. खुद्द पंतांनाही नाही.

विठू झालेला पोरगा विशीतला होता. बोलता बोलता त्याचे हात सारखे कमरेवर जात. तालीम घेणारे बुवा टाळ थांबवायचे. "अरं, हात खाली. आत्ताच इटेवर उभा राहिलास तर बादशहा आंधळा हाय का?" पोरगा हात खाली घ्यायचा, पुन्हा विसरायचा. शेवटी बुवांनी काठी त्याच्या दोन्ही मुठींत धरायला लावली. सबंध सोंगात कटेवर हात एकदाच, पावती घेऊन पाठमोरा निघताना, तोही दरबाराचं लक्ष नसताना. ती एक खूण लोकांसाठी राखून ठेवलेली.

दुसरी गोष्ट सवाल-जवाबाची. बादशहा दख्खनीत दरडावतो, "कौन है रे तू?" शिपाई मधूनच कानडीत हुकूम सोडतो, विठू मराठीत बोलतो. सीमेवरच्या माणसांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. "पंतांचा चाकर, पिढ्यान्‌पिढ्यांचा." राहतोस कुठं? "भीमेकाठी, इटंएवढ्या जागेत." एकही उत्तर खोटं नाही. बुवांचा दंडक तोच: देवानं सोंग घ्यावं, खोटं बोलू नये. या मंडळींचा बादशहाही खुळा नाही. तो हिशेब तपासतो, नाव विचारतो, पावतीवर शिक्का मारतो. समोरचा माणूस हुशार असेल तरच लपलेल्याची किंमत वाढते.

मग ती थैली. एवढीशी थैली, आणि मोहरा संपत नाहीत. इथं पत्र्याच्या पिवळ्या चकत्या परातीत ओततात. खजिनदाराचं सोंग मोजत राहतं, ढोलकीवाला लय वाढवत नेतो, आणि घोंगडीआडून थैली पुन्हा भरली जाते. पोरगा मात्र थैलीकडे पाहतसुद्धा नाही. चमत्कार करणाऱ्याला त्याचं नवल नसतं, हे त्याला बरोबर उमगलं होतं.

या शक्तीला मर्यादा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. विठू पाऊस पाडत नाही, बादशहाचं तख्त उलथत नाही. भक्ताच्या नावावरची बाकी फेडतो, पावती पोथीत ठेवतो, नाहीसा होतो. आणि त्यासाठी जोहार घालत दारात उभा राहतो, अपमान सोसतो. देवानं रूप घेतलं ते गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचं. काही ठिकाणी या सोंगावर हशा पिकवतात, ते मला सहन होत नाही. तिथं हशा आला की कथेचा कणाच मोडतो.

बेदरच्याच एका बादशहाभोवती एक उलटी कथाही आहे. गुरुचरित्राच्या ५० व्या अध्यायात मांडीच्या फोडानं हैराण झालेला राजा गाणगापूरला नृसिंहसरस्वतींकडे येतो. मागच्या जन्मी तो कुरवपूरचा परीट होता, श्रीपाद श्रीवल्लभांचा सेवक. त्याला स्वतःलाच हे ठाऊक नाही. गुरू ओळखीची हाक मारतात आणि त्याला सगळं आठवतं. इथं चिठ्ठी खेळाडूच्या हातात नाही, ती खेळ चालवणाऱ्याच्या खिशात आहे. हे आणखी कठीण. कारण खूण आधी पेरावी लागते: हा राजा परधर्माचा असूनही ब्राह्मणांना मान देतो, यावरून दरबारातले त्याला टोकतात. ही पेरणी नसती तर शेवटची हाक पोकळ वाटली असती.

भाच्याला मी एवढंच कळवलं: चिठ्ठीत शक्ती लिहाल तर ती कुठं थांबते तेही लिहा, आणि गड्याला आधी ते साधं पात्र नीट जगू द्या. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडे कुठं सप्ताहात दामाजीचं सोंगी भजन लागलं, तर मोहरा मोजून होताच उठू नका. विठू दरबारातून बाहेर पडेपर्यंत बसा.