तीन पत्तीचं गणित अन् मोंढ्यातला सौदा

परभणी : पत्ते म्हटलं की गावात आधी जुगारच आठवतो. पण याच पत्त्यांच्या अभ्यासातून गेम थिअरी ही गणिताची शाखा पुढं आली. समोरचा काय करील हे धरून आपण काय करावं, याचा हा हिशोब.

तीन पत्तीच बघा. ५२ पानांतून तीन पानं २२ हजार १०० प्रकारे येतात. त्यात तिन्ही सारखी पानं फक्त ५२ वेळा, जोडी ३ हजार ७४४ वेळा आणि काहीच न जमलेली पानं १६ हजार ४४० वेळा. म्हणजे चारपैकी जवळपास तीन वेळा हात रिकामाच. म्हणून ब्लफ चालतो, पण त्यालाही माप आहे. समजा मधे १०० रुपये आहेत अन् शेवटची चालही १०० ची. अशा तीन चालींत एक ब्लफ असेल, तर समोरच्यानं पानं पाहिली काय अन् सोडून दिलं काय, त्याला सारखंच. त्याहून जास्त मारला की तो पकडून फायदा काढतो.

मोबाइलवर मात्र तिसराच जिंकतो. चौघांचे ४०० जमले अन् कंपनीनं २० कापले, तर असे २० डाव झाले की चौघांचे मिळून ४०० गेले. पत्ता कुणाचाही लागो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ म्हणून त्यात सूट नाही.

अमेरिकेतल्या जॉन नॅश यांच्या १९५० च्या पीएचडी प्रबंधात तिघांच्या पोकरचं उदाहरण आहे. पण सौदेबाजीची कल्पना त्यांना त्याआधीच, पदवीच्या वर्गात सुचली होती. १९९४ ला त्यांना नोबेल मिळालं. मुंबईत जन्मलेले, सेंट झेवियर्समध्ये शिकलेले अविनाश दीक्षित यांनी १९९१ मध्ये सहलेखकासोबत हा विषय सामान्य वाचकांसाठी पुस्तकात मांडला.

नॅश यांचं म्हणणं शेतकऱ्याच्या कामाचं आहे. सौदा फिसकटला तर कुणाकडं काय उरतं, यावर भाव झुकतो. सेलू, मानवतच्या मोंढ्यात सोयाबीन नेलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी अन् गाडीभाडं असतं. माल परत जाणार नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं. इथं ब्लफ चालत नाही, दुसरा पर्यायच लागतो.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना हा असा पर्याय आहे. सोयाबीन, तूर गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे माल गाडीत भरण्याआधीच विचारून घ्यावं.