स्प्रिंग बूट की डॉट नेट? कंपन्यांनी फ्रेमवर्क निवडताना काय पाहावे? जाणून घ्या

बँकेची खाती, विम्याचे दावे किंवा कारखान्यातील मालाचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर एकदा सुरू झाले की दहा-पंधरा वर्षे सहज चालते. ज्या फ्रेमवर्कवर ते उभे असते, ते मात्र दर काही वर्षांनी बदलते. म्हणूनच वेग किंवा लोकप्रियतेपेक्षा 'पुढे सांभाळणार कोण?' हा प्रश्न मोठा ठरतो.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

लॉगिन, डेटाबेसची जोडणी, व्यवहार अर्धवट राहू न देणे ही कामे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला लागतात. ती आधीच लिहून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क.

प्रमुख पर्याय कोणते?

जावामध्ये २०१४ साली आलेले स्प्रिंग बूट आणि जकार्ता ईई हे मुख्य पर्याय आहेत. जकार्ता ईई म्हणजे पूर्वीचे जावा ईई. २०१७ मध्ये ओरॅकलने ते एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट आहे. आधी ते विंडोजपुरते होते. २०१६ मधील डॉट नेट कोअरपासून लिनक्सवरही चालू लागले.

अपग्रेड इतके अवघड का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ साठी किमान जावा १७ लागते. शिवाय कोडमधील 'जावाएक्स'ने सुरू होणारी अनेक पॅकेजेस 'जकार्ता' नावाने बदलावी लागली. गुगलच्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट तर डिसेंबर २०२१ मध्ये संपला. नवे अँग्युलर मुळापासून वेगळे असल्याने अनेक स्क्रीन नव्याने लिहाव्या लागल्या.

अपडेट टाळले तर?

अमेरिकेतील इक्विफॅक्स हे याचे ठळक उदाहरण. अपाचे स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधील त्रुटीवर मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती आली होती. कंपनीच्या एका पोर्टलवर ती बसवली गेली नाही. मे महिन्यात हॅकर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. दुरुस्ती उपलब्ध होती, ती वेळेत बसवण्याची व्यवस्था कमी पडली.

निवडताना काय तपासावे?

• सपोर्टची मुदत: डॉट नेटच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षे सपोर्ट मिळतो. पुढच्या अपग्रेडचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये धरावा.

• टीम: हाताशी जावा जाणणारे वीस जण असतील, तर केवळ चर्चा आहे म्हणून डॉट नेटकडे वळणे महागात पडते.

• चाचणी: डेमोवर न जाता आपलाच एखादा किचकट व्यवहार दोन्ही पर्यायांत करून पाहावा.

• कोडची मांडणी: व्याज आकारणीसारखे नियम फ्रेमवर्कपासून वेगळे ठेवावेत. उद्या फ्रेमवर्क बदलले, तरी नियम पुन्हा लिहावे लागत नाहीत.

थोडक्यात, दोन्ही पर्याय सक्षम असतील, तर आपल्या टीमला वेळेवर अपडेट करता येईल तोच निवडावा.