बघायला शिकण्याची मुदत

पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा डोळा पुढून मागपर्यंत जेमतेम १७ मिलिमीटर असतो. मोठ्या माणसाचा २३-२४. हातपाय कित्येक पटींनी वाढतात, डोळा मात्र दीडपटही होत नाही. म्हणून डोळा जन्मतःच तयार असतो असं आपण धरून चालतो. तयार नसतो तो मेंदू. पहिली सहा-सात वर्षं तो बघायला शिकत असतो, आणि ज्या डोळ्याकडून नीट चित्र येत नाही त्याचं खातं तो सरळ बंद करून टाकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन विझेल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला दाद देईनात. मोठ्या मांजरीवर तोच प्रयोग केला तर काही बिघडलं नाही. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं. लहान मुलांच्या नेत्रविज्ञानाचा मोठा भाग या शोधाभोवती फिरतो: दुरुस्ती करायची तर मुदतीत.

बीड जिल्ह्यात ही मुदत दुसऱ्या एका वेळापत्रकाला आडवी जाते. दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, गावी परततात. सोबत कडेवरची पोरंही असतात. पाच-सहा महिने मोठ्या माणसाच्या मोतीबिंदूला काही म्हणजे काही नाही. तो पुढच्या उन्हाळ्यात काढता येतो. तान्ह्या बाळाचं मात्र तेवढ्यात होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

सगळ्यांत कडक मुदत अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची वाढ गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यात मध्यापासून सुरू होते आणि कानाकडच्या कडेपर्यंत पोचायला जवळपास चाळिसावा आठवडा उजाडतो. बाळ तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं की हे काम अर्ध्यावर राहतं. वरून जास्त ऑक्सिजन मिळाला तर वाहिन्या वाढायच्या थांबतात. पुढे उपाशी राहिलेला पडदा रक्तासाठी हाकाटी करतो, तेव्हा भलत्याच, नाजूक वाहिन्या फुटतात आणि पडदाच ओढून काढतात. थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये बोस्टनमध्ये या आजाराची पहिली नोंद केली. ऑक्सिजनवरचा संशय १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोलून दाखवला. तोवर प्रगत देशांतल्या उत्तमोत्तम रुग्णालयांत हजारो मुलं आंधळी झाली होती. हा आजार येतो तोच मुळी सुधारणेच्या पाठोपाठ. जिथे काचेच्या पेट्या नाहीत, तिथे एवढी लहान बाळं जगतच नाहीत.

डॉक्टर या आजाराला आरओपी म्हणतात. भारतातला दंडक असा: ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायचा; फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात. बाहुली मोठी करणारे थेंब थोड्या थोड्या वेळाने घालतात, मग बधिर करणारा थेंब, मग पापण्या उघड्या धरणारी तारेची बारीक चिमटी. डॉक्टरच्या डोक्यावर दिवा, हातात भिंग, आणि भिंगात दिसणारा पडदा उलटा: वरचं खाली, डावं उजवीकडे. वेदना कमी व्हावी म्हणून बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब देतात. आई हे बघू शकत नाही, तिला बाहेर बसवतात. गरज निघाली तर दोन-तीन दिवसांत लेझर करावं लागतं, आणि त्यातली युक्ती थक्क करणारी आहे. रक्त न पोचलेली पडद्याची कड शेकडो ठिपक्यांनी जाळून टाकायची, म्हणजे तिची हाकाटी थांबते आणि मधला, वाचायला-ओळखायला लागणारा भाग वाचतो. आता काही बाळांना डोळ्यात इंजेक्शनही देतात. घरी पाठवताना तपासणीची तारीख तोंडी सांगून भागत नाही. बाळ घेऊन माणसं कुठल्या कारखान्यावर जाणार हे आधी विचारावं लागतं.

याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बोलीत ‘स्वाराती’, १९७४ सालचं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगतात. पुढे मुंबईच्या जेजे रुग्णालयात नाव काढलेले, २००८ साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने काही वर्षं इथल्याच नेत्रविभागात होते. त्यांची ख्याती म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी; पण मोतीबिंदू जन्मतःही असतो, आणि तो सहा ते दहा आठवड्यांत काढला तर नजर घडायला वाव राहतो. अशा तान्ह्या बाळाला कृत्रिम भिंग लगेच बसवतातच असं नाही, कारण डोळा अजून वाढायचा असतो. मग जाड काचांचा चष्मा लावतात, आणि वाढत्या डोळ्यासोबत त्याचा नंबर पुन्हा पुन्हा बदलतात.

न बोलणाऱ्या बाळाला किती दिसतं हे कसं कळतं? बाळ कोऱ्या कागदापेक्षा पट्ट्यांकडे बघणं पसंत करतं, हे रॉबर्ट फांट्झ यांनी दाखवलं. म्हणून एका बाजूला राखाडी आणि दुसऱ्या बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेलं कार्ड धरायचं, पट्ट्या बारीक करत न्यायच्या, आणि नजर वळायची कुठे थांबते ते बघायचं. अक्षरं न येणाऱ्या मोठ्या पोरांसाठी फिनलंडच्या लेआ ह्युवॅरिनेन यांनी सफरचंद, घर, चौकोन, गोल अशी चित्रं केली.

तिरळेपणाच्या बाबतीत मात्र घरचा समजच आडवा येतो. ‘मोठं झालं की जाईल’, ‘तिरळं पोरगं नशीबवान असतं’ असं म्हणत वर्षं काढली जातात. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरही डोळा तिरका जात असेल तर तो आपोआप जाईल यावर विसंबू नये. त्याहून महत्त्वाचं: फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी चमकली, तर मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतला कर्करोगही असू शकतो. तिथे आठवडेसुद्धा मोजके असतात.

मुलं दवाखान्यात येईनात तर दवाखान्याने जावं, या विचाराने ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकाने अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासायची. योजना चांगलीच आहे. पण पोर हजेरीपटावर असून उसाच्या फडात असेल तर पथकापुढे रिकामी सतरंजी असते.

मेंदूने खातं बंद केलेल्या, म्हणजे ‘आळशी’ डोळ्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे मेंदूला दुसऱ्याकडून काम घ्यावंच लागतं. पूर्वी दिवसभर बांधत. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम दोष असलेल्या मुलांना रोज दोन तासही सहा तासांइतकेच पुरले. फडावर धुळीत आणि घामात पट्टी टिकत नाही. तिथे दुसरा मार्ग आहे. चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब घालून त्याची जवळची नजर अंधुक करायची. मध्यम दोषात आठवड्यातले दोनच दिवस थेंब घालूनही रोजच्याइतकाच फायदा झाल्याचं पुढच्या चाचणीत दिसलं. औषध डॉक्टरनेच ठरवायचं, बाटली पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही आणि उजवा-डावा चुकवायचा नाही. तेवढं पाळलं, तर ही बाटली आईच्या ट्रंकेत बसून कारखान्यापर्यंत जाऊ शकते.