बाबासाहेबांचे परराष्ट्रधोरण आणि गरिबाची भाकर

गेल्या चौदा एप्रिलला आमच्या महाविद्यालयात नेहमीप्रमाणे व्याख्यान झाले. विषयही नेहमीचाच होता : घटनेचे शिल्पकार. वक्ते बाहेरचे होते, बरे बोलले, टाळ्याही पडल्या. सगळे पांगल्यावर राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी माझ्यापाशी येऊन थांबली. म्हणाली, "सर, बाबासाहेबांनी सैन्यावरचा खर्च कमी करा असं सांगितलं होतं, हे खरं का?" तिचा थोरला भाऊ सैन्यात आहे. गावातल्या कुणीतरी हे वाक्य तिला टोमणा म्हणून ऐकवले होते, आणि ते खोटे आहे एवढेच तिला माझ्या तोंडून ऐकायचे होते.

ते खोटे नाही, असे मला तिला सांगावे लागले. मात्र त्या वाक्याची मागची-पुढची बाजू दोन मिनिटांत सांगता येईना. मी राज्यशास्त्र शिकवतो, जयंतीला भाषणे करतो, आणि तरीही बाबासाहेबांच्या राजकारणाचा हा भाग मीही कधी नीट मांडला नव्हता, याची मला त्या दिवशी लाज वाटली. आरक्षण, घटना, धर्मांतर या तीन खुंट्यांना आपण बाबासाहेब टांगून ठेवले आहेत. कायदेमंडळात उभे राहून अंदाजपत्रकाचे आकडे तपासणारा, रुपया कुठून येतो आणि कुठे जातो हे विचारणारा अर्थशास्त्रज्ञ आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही. परराष्ट्रधोरणावर बोलणारा खासदार तर नाहीच नाही.

सुरुवात १९२७ पासून करायला हवी. त्या वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून ते बसले आणि फेब्रुवारीतच अंदाजपत्रकावर बोलले. त्यांचा मुद्दा सरळ होता. प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या खाली लागत नाही. मग जमीनमहसूल मात्र लहान-मोठा न बघता सगळ्यांवर का? जहागीरदारालाही तो लागू आणि एक-दोन एकरवाल्यालाही, पीक येवो न येवो. त्याच अधिवेशनात शिक्षणावरच्या खर्चाबाबत बोलताना त्यांनी हिशेब मांडला की, सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जे लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी ती मागणी. पुढच्या वर्षी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी असे मांडले की, कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. घेणारा कोण, देणारा कोण, आणि मधल्यामध्ये कुणाच्या ताटातले जाते, ही त्यांची पाहण्याची रीत. ही रीत शेवटपर्यंत सुटली नाही. परराष्ट्रधोरणाकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले, असे माझे म्हणणे आहे.

खोतीचे विधेयक मला अधिक जवळचे. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले. खोताच्या जमिनीत राबलेले, खोताच्या घरी वेठ केलेले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईला कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी होते, आगरी होते, महार होते. विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. त्याच १९३८ सालच्या नोव्हेंबरात औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका बाजूला उभे होते. हे लक्षात ठेवावे, कारण सोळा वर्षांनी हेच बाबासाहेब राज्यसभेत कम्युनिस्ट राष्ट्रांविषयी अगदी निराळ्या सुरात बोलताना दिसतात, आणि तिथे आपल्यापैकी पुष्कळांची पंचाईत होते.

१९४७ साली त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले त्यात आर्थिक कार्यक्रम स्वच्छ आहे. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे, विमा सरकारचा, शेतजमीन सरकारने घ्यावी, मूळ मालकांना कर्जरोख्यांच्या रूपात मोबदला द्यावा आणि गावकऱ्यांनी जातपात न पाहता ती सामुदायिक पद्धतीने कसावी. आणि हे सगळे घटनेतच लिहावे, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते पुसता येणार नाही. हे घटनेत आले नाही. ज्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो त्यांच्या मनातली अर्थव्यवस्था घटनेत नाही, ही गोष्ट चौदा एप्रिलच्या भाषणात कुणी सांगत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या वाक्याकडे येतो. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलामुळे दिला, असे आपण सांगतो, आणि ते शेवटचे कारण खरेच आहे. पण ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात त्यापूर्वी आणखी कारणे आहेत. आपल्याला नियोजनाचे खाते मिळाले नाही. अस्पृश्यांची उपेक्षा चालूच आहे. आणि तिसरे, देशाचे परराष्ट्रधोरण. या तिसऱ्या कारणाविषयी आपल्याला नुसता असंतोष नाही, काळजी वाटते, असे ते सांगतात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपले वाईट चिंतणारे कुणी नव्हते आणि चार वर्षांत आपल्याला मित्र उरला नाही, अशी त्यांची तक्रार. आणि लगेच आकडा येतो : वर्षाचा महसूल ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. म्हणजे रुपयातले आठ आण्यांहून थोडे अधिक. हा खर्च परराष्ट्रधोरणातून थेट निघाला आहे, कारण अडचणीत धावून येईल असा कुणी नसल्याने संरक्षणाचे सारे ओझे आपल्यालाच उचलावे लागते, असे त्यांचे गणित होते. देशात उपाशी माणसे आहेत आणि उद्योग उभे करायचे आहेत, तेव्हा हे परवडणारे नाही.

पाकिस्तानशी असलेल्या भांडणाची त्यांनी दोन मुळे सांगितली : काश्मीर आणि पूर्व बंगालमधल्या आपल्या माणसांचे हाल. त्यातले दुसरे आपल्याला अधिक जिव्हाळ्याचे असले पाहिजे, असे ते म्हणतात. या वाक्यावरून पुष्कळ जण घाईने पुढे जातात. १९४६ साली मुंबईने बाबासाहेबांना घटना समितीवर पाठवले नाही, बंगालने पाठवले. जोगेंद्रनाथ मंडलांनी त्यासाठी जिवाचे रान केले. ते मंडल पाकिस्तानचे मंत्री झाले आणि १९५० साली तिथल्या अस्पृश्यांचे हाल सांगत राजीनामा देऊन भारतात परतले. पूर्व बंगालमध्ये मागे राहिलेल्यांत नामशूद्रांची संख्या मोठी होती. बाबासाहेबांच्या त्या वाक्यात हे ऋण आहे, असे मला वाटते. काश्मीरबाबत त्यांनी विभागणीचा मार्ग सुचवला : जम्मू आणि लडाख भारताकडे, सार्वमत घ्यायचेच तर ते खोऱ्यापुरते. हा मार्ग कुणाला पटो न पटो, त्यामागचे कारण तेच होते. भांडण मिटल्याशिवाय खर्च थांबत नाही.

त्याच वर्षीच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात पैसा कुठून आणायचा याची यादी आहे. सैन्यखर्चात कपात, विम्याचे राष्ट्रीयीकरण, दारूबंदी उठवून बुडालेले उत्पन्न परत मिळवणे, आणि मिठावरचा कर पुन्हा बसवणे. शेवटची दोन कलमे त्या काळात निवडणुकीच्या तोंडावर लिहायला छाती लागत होती. (मिठाच्या कराविषयी मी स्वतः अजून साशंक आहे. तो गरिबालाही पडतोच, आणि १९२७ च्या भाषणाशी तो मला जुळवता आलेला नाही.) आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले. निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत हरले, आणि १९५२ साली राज्यसभेत आले.

तिथे २६ ऑगस्ट १९५४ रोजी आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर त्यांनी जे भाषण केले ते आपल्या डाव्या मित्रांना झोंबते. पंचशीलाला राजकारणात जागा नाही. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. तिबेटवरचा चीनचा ताबा मान्य करून आपण चीनची सरहद्द आपल्या दारात आणली. आपण शांतता विकत घेतो आहोत, पण देशांचे तुकडे पाडून. आग्नेय आशियाच्या संरक्षणासाठी अमेरिका जो करार घडवत होती, तो आक्रमणासाठी नसून आक्रमण रोखण्यासाठी आहे, आणि त्याला आंधळा विरोध नको. गोव्याचेही त्यांनी सांगितले : सुरुवातीलाच हालचाल केली असती तर प्रश्न सुटला असता, अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला, तसा विकत घेण्याचा मार्गही होता. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, सैन्य घालून.

दलित पँथर १९७२ साली निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांचे नाव घेऊन, आणि तिच्या जाहीरनाम्यात अमेरिकन साम्राज्यशाहीला शत्रू म्हटले आहे. म्हणजे एकाच चळवळीच्या घरात १९५४ चे भाषण आणि १९७३ चा जाहीरनामा. आपण काय केले? जाहीरनामा वाचला आणि भाषण कपाटात ठेवले. उलट बाजूच्या मंडळींनी भाषण उचलले, त्यातले चीनवरचे दोन परिच्छेद कापून घेतले, आणि सैन्यखर्चाचा आकडा मागे टाकून दिला. आता तर तेच लोक तो आकडा आपल्या मुलींना टोमणा म्हणून ऐकवतात.

घरात सरकारी मालकी मागणारा माणूस बाहेर पश्चिमेकडे का झुकतो, हे कोडे वाटते तेवढे अवघड नाही. त्यांना समता हवी होती, पण ती संसदेतून, मतपेटीतून, माणसाचे तोंड न दाबता. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी साध्यावर नव्हे, साधनावर बोट ठेवले. जिथे विरोधी पक्षच नाही त्या राष्ट्रांच्या गोटाशी सलगी त्यांना धोक्याची वाटली. बहुमतापुढे आयुष्यभर एकटे उभे राहिलेल्या माणसाला तसे वाटणे मला समजते.

चीनबाबत १९६२ ने त्यांची काळजी खरी ठरवली. कराराबाबत मात्र ते चुकले असे मी म्हणेन, आणि असे म्हणण्याने माझी निष्ठा कमी होत नाही. मित्र असले की सैन्याचे ओझे हलके होते, हे त्यांचे गृहीत. पाकिस्तान त्या करारात गेला, अमेरिकेची शस्त्रे घेतली, आणि तरीही तिथे सैन्याने अंदाजपत्रकच नव्हे, राज्यही खाल्ले. १९६५ आणि १९७१ मध्ये करारातले कुणी त्यांच्या बाजूने लढायला आले नाही. १९७७ साली ती संघटना गुंडाळली गेली. म्हणजे मित्र मिळवून आठ आणे वाचतातच असे नाही. पण ते आठ आणे कुणाचे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

हे सगळे मी त्या विद्यार्थिनीला दोन-तीन दुपारी बसून सांगितले. भाषणांचे शासनाने काढलेले खंड आमच्या ग्रंथालयात आहेत, पण कुलूपबंद कपाटात. पंधरावा खंड काढायला अर्ज लिहावा लागला. तिने १९५१ चे निवेदन स्वतः वाचले. मग तिने मला विचारले ते असे की, बाबासाहेबांचे वडील सुभेदार, १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनीच पाठपुरावा केलेला. मग तेच सैन्याचा खर्च कमी करा कसे म्हणतात?

मी थोडा वेळ गप्प राहिलो. माझे चुलते सैन्यात होते. आमच्या घरावर कौले आली ती त्यांच्या मनीऑर्डरीतून, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तोही त्याच पैशावर. वाडीतल्या ज्या दोन-चार घरांतली मुले शिकली त्यांपैकी बहुतेकांत कुणी ना कुणी वर्दीत होता. खोताच्या शिवारातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होता तो गिरणीचा. आणि मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर कशा गेल्या ते आपण जाणतो. मी तिला म्हणालो, शिपायाचा पगार वेगळा आणि सैन्यावरचा खर्च वेगळा. आपल्या मुलांना भरतीचे दार उघडे हवे, ही हक्काची मागणी होती. पण भरती हेच एक दार उरू नये, म्हणून कारखाने आणि जमीन मागितली होती, आणि त्यांना पैसा कुठून आणायचा याचे उत्तर म्हणून तो आकडा होता.

ती म्हणाली, "पण सर, जमीन मिळाली नाही. कारखानेही नाहीत. भरतीच आहे."

तिच्या भावाची सुट्टी संपून तो परत गेला आहे. धाकटा भाऊ सध्या रोज पहाटे रस्त्यावर धावतो.