वर्गणीतून वाचलेले दीपगृह

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून वीसेक किलोमीटरवर, ऐन समुद्रात एडिस्टोनचे खडक आहेत. भरतीच्या वेळी ते जवळजवळ पाण्याखाली जातात आणि बंदराकडे येणारी जहाजे त्यांच्यावर आपटून फुटत. हेन्री विन्स्टॅन्लीने तिथे 1698 मध्ये पहिला दिवा लावला. 1703 च्या महावादळात ते दीपगृह नाहीसे झाले आणि त्या रात्री तिथेच मुक्कामाला असलेला विन्स्टॅन्लीही. दुसरे दीपगृह बहुतांशी लाकडाचे होते. 1755 मध्ये ते पेटले. वर पाहत पाणी मारणाऱ्या 94 वर्षांच्या रखवालदाराच्या, हेन्री हॉलच्या, घशात छताचे वितळलेले शिसे गेले. हे सांगूनही कोणाला खरे वाटेना. काही दिवसांनी तो वारला, तेव्हा त्याच्या पोटातून शिशाचा गोळा निघाला. तो आजही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

मग तिसऱ्या दीपगृहाचे काम आले अभियंता जॉन स्मीटनकडे. त्याने ओकच्या बुंध्यासारखा तळाशी रुंद, वर निमुळता होत जाणारा दगडी मनोरा आखला. ग्रॅनाइटचा प्रत्येक चिरा डव्हटेल सांध्याने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट खाचेने, शेजारच्या चिऱ्यात अडकवला. वरचा थर खालच्यावरून सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे खुंटे बसवले. म्हणजे लाटेला एकटा चिरा उचकटताच येऊ नये. प्रश्न उरला चुन्याचा, कारण साधा चुना पाण्यात धरत नाही. दगड जितका कठीण तितका चुना चांगला, अशी तेव्हा गवंड्यांची समजूत होती. स्मीटनने वेगवेगळे चुनखडक आम्लात विरघळवून तळाला काय उरते ते पाहिले. ज्यात चिकणमाती उरली, त्याचाच चुना पाण्यात घट्ट होत होता. पुढच्या सिमेंटची वाट या प्रयोगांनी मोकळी केली. मला तर हे काम मनोऱ्याइतकेच मोठे वाटते. 16 ऑक्टोबर 1759 ला वर 24 मेणबत्त्या पेटल्या.

मनोरा शंभरावर वर्षे टिकला. झिजला तो त्याच्या खालचा खडक. मोठी लाट आली की मनोरा हादरे. 1877 मध्ये नवे दीपगृह बांधायचे ठरले आणि डग्लस नावाच्या अभियंत्याने 1882 मध्ये ते शेजारच्या खडकावर उभारले. जुन्याचे काम संपले होते. पण प्लिमथकरांना ते मोडीत काढवेना. त्यांनी वर्गणी काढली. वरचा भाग चिरा चिरा सोडवून किनाऱ्यावर आणला गेला आणि प्लिमथच्या ‘हो’ नावाच्या टेकडीवर नव्या ग्रॅनाइटच्या बैठकीवर पुन्हा रचला गेला. 1884 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. खालचा भाग मात्र इतका पक्का होता की तो समुद्रातच ठेवावा लागला.

प्लिमथला गेलात तर 93 पायऱ्या चढून दिव्याच्या खोलीपर्यंत जरूर जा. तिथल्या भिंती स्मीटनच्या आहेत, बैठक मात्र नंतरची. त्याचा मूळ पाया पाहायचा असेल तर बोटच करावी लागते; डग्लसच्या दीपगृहाशेजारी तो अजून उभा आहे.